आटोक्यातले गाव आणि मराठी कादंबरी : आहुपे परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी समीक्षेत ‘ग्रामीण’ आणि ‘नागर’ या दोन संज्ञा दीर्घकाळ परस्परविरोधी म्हणून वापरल्या गेल्या आहेत. १९७० नंतरच्या ग्रामीण साहित्य चळवळीने या विरोधाला वैचारिक बैठक दिली. आनंद यादव यांच्या विवेचनाने ग्रामीण जीवनाची स्वतंत्र जाणीव, तिची भाषा आणि तिचे प्रश्न यांना साहित्यविचारात स्थान मिळवून दिले. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने या चर्चेला भूमीशी असलेल्या नात्याचे परिमाण दिले. या दोन्ही विचारधारांचे ऋण मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. जे गाव धड शहराबाहेरचे नाही आणि धड शहराचेही नाही, ज्याचे पाणी, वनोपज आणि मनुष्यबळ शहराकडे व बाजारपेठेकडे नित्य वाहते, पण ज्याच्यापर्यंत शहराच्या सोयी सहजासहजी पोहोचत नाहीत, अशा गावाचे वाङ्मयीन आकलन मराठीत कितपत झाले आहे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील आहुपे आणि त्याच्या आसपासचा सह्याद्रीचा पट्टा यांच्या संदर्भात केला आहे. वाङ्मयीन विवेचनासाठी मुख्यतः गो. नी. दांडेकर यांच्या ‘पवनाकाठचा धोंडी’, ‘माचीवरला बुधा’ व ‘जैत रे जैत’ या कादंबऱ्या घेतल्या असून, तुलनेसाठी व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) यांचा आधार घेतला आहे. यांपैकी एकही कादंबरी आहुप्यावर लिहिलेली नाही. आहुपे ही येथे या कादंबऱ्यांना लावलेली कसोटी आहे. अशा प्रकारच्या गावाचे जगणे समोर ठेवून वाचल्यास या कृतींची शक्ती आणि मर्यादा अधिक स्पष्ट होतात, हे या लेखाचे गृहीतक आहे.

आहुपे : स्थान आणि दळणवळण

आहुपे हे घोड नदीच्या उगमाकडील, सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसलेले गाव आहे. पुणे-नाशिक महामार्गावरील मंचरहून घोडेगाव, डिंभे अशी वाट धरत रस्ता पश्चिमेकडे चढत जातो आणि आहुप्याच्या कड्याशी येऊन थांबतो. कड्याखाली कोकण आहे. गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड हे डोंगर येथून नजरेच्या टप्प्यात येतात. आहुपे घाटाची पायवाट उतरली की मुरबाड तालुक्यातील खोपिवली लागते आणि तेथून मुरबाडमार्गे कल्याण गाठता येते. म्हणजे हे गाव दोन महानगरांच्या मध्ये आहे. गाडीने जायचे तर पुणे आणि पायी उतरायचे तर मुंबईचे उंबरठे, अशी त्याची दुहेरी स्थिती आहे.

गावात व परिसरात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. आंबेगाव व जुन्नर तालुक्यांचा हा पश्चिम भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतो. १९८५ मध्ये भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य घोषित झाल्यानंतर या परिसराची दुसरी ओळख शेकरूचे रान अशी झाली. आहुप्याची देवराई अभ्यासकांना आणि भटक्यांना सारखीच परिचित आहे. पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पुढे आणला, तेव्हापासून अशा देवरायांकडे जैवविविधतेचे आश्रयस्थान म्हणून पाहिले जाऊ लागले. गावाच्या दृष्टीने मात्र ती आधी देवाची जागा असते. एकाच झाडीची ही दोन वाचने आहेत आणि दोन्ही खरी आहेत. वाङ्मयाने यांपैकी कोणते वाचन स्वीकारले, हा पुढील विवेचनाचा एक धागा आहे.

‘दुर्गम’ या विशेषणाची चिकित्सा

आहुप्यासारख्या गावाचा उल्लेख वृत्तपत्रांतून, शासकीय अहवालांतून व प्रवासवर्णनांतून जवळजवळ नेहमीच ‘दुर्गम’ या विशेषणासह होतो. जेथे जाणे कठीण ते दुर्गम, हा या शब्दाचा सरळ अर्थ. परंतु कोणाला जाणे कठीण, हे शब्दात सांगितलेले नाही. ते गृहीत धरलेले आहे. येथे जाणारा नेहमी शहरातून निघालेला असतो. आहुप्यातून निघणाऱ्याच्या दृष्टीने मंचर, पुणे किंवा मुंबई दुर्गम आहे, असे वाक्य मराठीत सहसा लिहिले जात नाही. कारण आहुप्यातून निघणारा मनुष्य तेथे पोहोचतोच. पोहोचल्यावाचून त्याचे भागत नाही.

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर या पट्ट्याची दुर्गमता पुरातन नाही. जुन्नरजवळचा नाणेघाट सातवाहन काळापासून कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडत आला आहे. तेथील लेण्यातील नागनिकेचा शिलालेख हा त्या वैभवाचा साक्षीदार आहे. आहुपे घाट त्या मानाने लहान, पण अशाच घाटवाटांच्या जाळ्यातला एक. माणसे आणि माल घाटाने चढत-उतरत होता, तोवर धारेवरचे गाव वाटेवरचे गाव होते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, थळघाटाचा मार्गही लवकरच तयार झाला आणि पुढे मोटाररस्त्यांनी हीच दिशा पक्की केली. जी वाहतूक अनेक घाटांत विखुरलेली होती ती मोजक्या घाटांत एकवटली. उरलेल्या घाटांच्या माथ्यावरची गावे रस्त्याच्या टोकाची गावे झाली. त्यामुळे आहुप्याची दुर्गमता ही बऱ्याच अंशी आधुनिक दळणवळणाची निर्मिती आहे. निसर्गाने कडा दिला. गाव कडेला पडले ते मात्र नव्या रस्त्यांमुळे.

हा मुद्दा वाङ्मयीन चर्चेसाठी महत्त्वाचा आहे. कारण मराठी कादंबरीने सह्याद्रीतील गावाचे एकाकीपण पुष्कळदा निसर्गदत्त मानले आणि त्या एकाकीपणातच त्याचे सौंदर्य पाहिले.

दांडेकरांचा सह्याद्री : महानगरांच्या सावलीतील भूगोल

गो. नी. दांडेकर (१९१६-१९९८) यांनी सह्याद्रीला मराठी कादंबरीचे सजीव पात्र केले, हे सर्वमान्य आहे. गडकोटांची अखंड भटकंती, त्या त्या मुलखातील बोलीचा कान आणि श्रमिक माणसाविषयीचा जिव्हाळा ही त्यांच्या लेखनाची बलस्थाने. ‘पवनाकाठचा धोंडी’ पवनेच्या खोऱ्यात, तुंग किल्ल्याच्या परिसरात घडते. ‘माचीवरला बुधा’चे स्थळ राजमाची आहे. ‘जैत रे जैत’मध्ये कर्नाळ्याच्या सुळक्याभोवतीच्या ठाकरांचे जीवन येते.

या तीनही स्थळांत एक समान गोष्ट आहे आणि तिच्याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. ही तिन्ही ठिकाणे मुंबई किंवा पुणे यांच्या आटोक्यात आहेत. राजमाची बोरघाटातील लोहमार्गापासून फार दूर नाही. कर्नाळा पनवेलजवळ, मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे. पवनेचे खोरे लोणावळा आणि पुणे यांच्या दरम्यान येते. स्वतः दांडेकर तळेगाव दाभाडे येथे राहत होते. मुंबई-पुणे लोहमार्गावरील हे त्या काळातील लहान गावच. म्हणजे लेखक आणि त्याची पात्रे असे दोघेही महानगराच्या सावलीत वावरणारे होते. असे असूनही या कादंबऱ्यांतील अवकाश वाचकाला काळाबाहेरचा वाटतो.

‘जैत रे जैत’ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. नाग्या आणि चिंधी यांची प्रेमकथा, लिंगोबाचा डोंगर, मधमाश्या आणि त्यांच्या राणीविरुद्ध नाग्याने आरंभलेला संघर्ष यांना मिथकाची उंची लाभली आहे. जब्बार पटेल यांच्या १९७७ च्या चित्रपटाने ती उंची लोकमानसात अधिक दृढ केली. मिथक म्हणून ही कृती संपन्न आहे यात वाद नाही. परंतु सुळक्याच्या पायथ्याशी महामार्ग आहे, आणि ठाकरांचा मध, लाकूडफाटा व मजुरी यांचा बाजाराशी संबंध आहे, ही वस्तुस्थिती कथानकाच्या केंद्रात येत नाही. मिथकाला वेस लागते. ती वेस आखण्यासाठी कादंबरीने महानगराला बाहेर ठेवले. या निवडीने कादंबरीला घट्टपणा आला आणि तिच्यातील आदिवासी माणसाचा वर्तमानकाळ मात्र निसटला.

या ठिकाणी ‘बनगरवाडी’शी तुलना उद्बोधक ठरते. माडगूळकरांच्या कादंबरीत बाहेरून आलेला तरुण मास्तर हा गाव पाहणारा डोळा आहे. शाळा, मास्तर आणि संस्थानी कारभार यांच्या रूपाने बाहेरचे जग वाडीत येते. शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते. येथे बाहेरचे जग दूर आहे आणि ते दूर असल्याचे कादंबरी प्रामाणिकपणे दाखवते. माणदेशातील वाडीला शोभणारी ही रचना सह्याद्रीच्या धारेवरील गावाला जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथील गावे एकदम ओस पडत नाहीत. ती ऋतूप्रमाणे रिकामी होतात आणि पुन्हा भरतात.

‘माचीवरला बुधा’ : परतण्याचा अर्थ

दांडेकरांच्या या तीन कृतींपैकी महानगराला उघडपणे सामोरी जाणारी कृती ‘माचीवरला बुधा’ ही आहे. मुंबईत राहिलेला बुधा उतारवयात शहर सोडतो, राजमाचीच्या माचीवर परत येतो आणि झाडे, पाखरे, जनावरे यांच्या सोबतीने एकटा राहू लागतो. कथानक एवढेच. घटनांच्या अभावी ही कादंबरी उभी राहते ती बुधाच्या निसर्गाशी होणाऱ्या संवादावर. मराठीत इतक्या कमी मानवी पात्रांवर तोललेली कादंबरी विरळा.

या कादंबरीचे यश बुधाच्या ज्ञानात आहे. त्याला माची माहीत आहे. कोणत्या उतारावर पाणी थांबते, कोणते झाड कधी फळते, कोणत्या वाऱ्याने पाऊस येतो, हे त्याने पुस्तकातून शिकलेले नाही. शहरात ज्याच्या या ज्ञानाला काहीच मोल नव्हते, तो माणूस माचीवर येताच पुन्हा जाणता होतो. परतणे म्हणजे स्वतःचे जाणतेपण परत मिळवणे, हा कादंबरीचा गाभा आहे. सह्याद्रीतून मुंबईत गेलेल्या श्रमिकाला शहराने ‘घाटी’ या एका शब्दात बसवले होते. घाट हा ज्याच्या ज्ञानाचा प्रदेश, त्याच्यासाठी तोच शब्द हेटाळणीचा झाला. बुधाचे परतणे हे त्या हेटाळणीला दिलेले मूक उत्तर म्हणून वाचता येते. कादंबरीचा हा पैलू निसर्गप्रेमाच्या कौतुकात झाकून गेला आहे.

तथापि येथेच कादंबरीची मर्यादाही आहे. बुधाचे परतणे एकट्याचे आहे आणि कायमचे आहे. प्रत्यक्षात आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ या तालुक्यांतून मुंबईला गेलेल्या कष्टकऱ्यांचा इतिहास वेगळे सांगतो. हे स्थलांतर सामूहिक होते आणि ये-जा हा त्याचा स्थायीभाव होता. मुंबईचे डबेवाले मुख्यतः याच पट्ट्यातले. चैत्रात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा आल्या की ते काही दिवस डबे बंद ठेवून गावी जातात आणि महानगराला ते मान्य करावे लागते. गावच्या दैवताचे पंचांग शहराच्या कामकाजावर चालते, असे हे अपवादात्मक उदाहरण आहे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू हे मुंबईतले कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची मालमोटार अडवताना त्यांना हौतात्म्य आले. त्यांच्या मृत्यूची जागा मुंबईत आणि स्मृतीची जागा घोड नदीच्या खोऱ्यात, अशी ही दोन टोके आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कामगारांवर गावाकडे वळण्याची वेळ आली. त्यांचे परतणे स्वेच्छेचे नव्हते आणि त्यांना माची रिकामी मिळणार नव्हती. भावकी, वाटण्या, कर्ज आणि अपुरी जमीन त्यांची वाट पाहत होती.

बुधाच्या माचीवर यांतले फारसे काही भेटत नाही. ही उणीव दाखवताना कादंबरीने समाजशास्त्र लिहावे, अशी अपेक्षा नाही. प्रश्न आकृतिबंधाचा आहे. एका नायकाच्या एकदाच होणाऱ्या परतीवर रचलेला आकृतिबंध, दरवर्षी अनेकांनी मिळून केलेली ये-जा पेलू शकत नाही. म्हणून ये-जा करणारा माणूस मराठी कादंबरीत एक तर शहरात अडकलेला दिसतो किंवा गावात विसावलेला दिसतो. वाटेवरचा दिसत नाही.

वाङ्मयाबाहेर राहिलेले श्रम : हिरडा, पडकई, मजुरी

आहुपे परिसरातील वर्षाचे चक्र पाहिले की हे निसटलेले द्रव्य किती मोठे आहे, याची कल्पना येते. पावसाळ्यात भाताची लावणी, वरकस उतारावर नाचणी आणि वरई. पाऊस प्रचंड, परंतु उतारावरून तो वाहून जातो, म्हणून पावसाळी पिकानंतर बहुतेक जमीन कोरडी. मग माणसे पूर्वेकडे उतरतात. नारायणगाव, मंचर या बागायती पट्ट्यात टोमॅटो, कांदा व भाजीपाला यांच्या कामांसाठी मजुरांचे बाजार भरतात आणि पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांतील स्त्री-पुरुष तेथे उभे राहतात. मुंबई-पुण्याच्या बाजारात जाणारी भाजी ज्या हातांनी खुडली जाते, त्यांत हे हातही असतात. शहरातील ग्राहकाला आहुपे माहीत नसते, पण ते त्याच्या ताटापर्यंत पोहोचलेले असते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी हिरड्याचा हंगाम येतो. कोवळी फळे गोळा करून वाळवली की त्याचा बाळहिरडा होतो. औषधनिर्मितीत त्याला मागणी असते. या परिसरातील अनेक कुटुंबांच्या हाती वर्षभरात रोख रक्कम येते ती मुख्यतः या हिरड्यातून. त्याचा भाव मात्र झाडाखाली ठरत नाही. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात हिरड्याची झाडे पडली, तेव्हा हे नुकसान पिकाचे मानायचे की रानाचे, असा पेच उभा राहिला. हिरडा शेतातही आहे आणि वनातही आहे. शासकीय रकान्यांना ही सरमिसळ सोसत नाही. वाङ्मयीन वर्गीकरणालाही ती सोसत नाही. शेतीचे जीवन ‘ग्रामीण’ साहित्यात आणि रानाचे जीवन ‘आदिवासी’ साहित्यात अशी वाटणी झाल्यावर, नांगर आणि हिरडा एकाच घरात असलेला महादेव कोळी शेतकरी दोन्ही दालनांच्या उंबऱ्यावर उभा राहतो. जुन्नर तालुक्यातील निमगिरीच्या गोविंद गारे यांनी आपल्या संशोधनपर लेखनातून या समाजाची सविस्तर ओळख करून दिली. ललित वाङ्मयाने मात्र त्या मानाने ही सामग्री थोडीच वापरली.

पडकई हे आणखी एक उदाहरण. उताराच्या जमिनीवर दगड-मातीचे बांध घालून भातखाचरे तयार करण्याची ही पद्धत. अनेक कुटुंबे एकत्र येऊन आळीपाळीने एकमेकांच्या जमिनीवर श्रम करतात. येथे जमीन वैयक्तिक आहे, पण ती जमीन म्हणून घडवणारा श्रम सामूहिक आहे. डिंभे धरणग्रस्तांमध्ये काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेने पडकईला रोजगाराच्या शासकीय योजनांशी जोडण्याचा दीर्घ प्रयत्न केला. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांनी उभ्या केलेल्या या संस्थेला २०१२ मध्ये ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. बुधा माचीवर एकटाच राबतो. पडकई एकट्याने होत नाही. या एका भेदात कल्पित माची आणि प्रत्यक्ष गाव यांतील अंतर सामावलेले आहे.

पाणी : कोणाचे, कोणासाठी

आटोक्यातील गावाचा शहराशी आणि बागायतीशी असलेला सर्वांत निर्णायक संबंध पाण्याचा असतो. घोड नदीवरील डिंभे धरण कुकडी प्रकल्पाचा भाग आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. या जलाशयाने आदिवासींची गावे बुडवली. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो, तेच गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो आणि मूळ आंबेगावचे अवशेष उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर दिसतात. पाणी पूर्वेकडील अवर्षणग्रस्त तालुक्यांत गेले, तेथे ऊस आणि भाजीपाला पिकला. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या आहुप्याकडे ते चढून येणार नव्हते. ज्या डोंगरावर हे पाणी पडते तेथील स्त्रिया उन्हाळ्यात हंडा घेऊन झऱ्यावर जातात, ही विसंगती सबंध सह्याद्रीच्या धारेवर आढळते.

मराठी कादंबरीत धरणाचा प्रश्न सर्वांत ताकदीने मांडला तो ‘झाडाझडती’ने. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारी ही कादंबरी पुनर्वसनाच्या यंत्रणेतील हिंसा तपशिलाने उघड करते. कार्यालये, नकाशे, वाटपाच्या याद्या आणि मध्यस्थ यांच्या जाळ्यात विस्थापित कसा भरडला जातो, याचे इतके सूक्ष्म चित्रण तत्पूर्वी क्वचितच झाले होते. दांडेकरांच्या सह्याद्रीत जी सत्ता अदृश्य होती, ती पाटलांच्या कादंबरीत दृश्यमान झाली. मात्र तिच्या केंद्रस्थानी उठवलेला माणूस आहे. न उठवलेला, जलाशयाच्या वर राहिलेला, ज्याची बाजारवाट आणि सोयरिकीची गावे बुडाली पण स्वतःचे घर बुडाले नाही, असा माणूस कोणत्याच यादीत येत नाही. तो धरणग्रस्त ठरत नाही आणि लाभधारकही ठरत नाही. अशा माणसाची कादंबरी अद्याप लिहिली जायची आहे.

दांडेकरांच्या पवनाकाठाचे पुढे काय झाले, हेही या संदर्भात पाहावे लागते. पवना नदीवर धरण झाले आणि तिचे पाणी पिंपरी-चिंचवड या औद्योगिक नगरीची तहान भागवू लागले. बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या पोलिस गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. ‘पवनाकाठचा धोंडी’ आज वर्गात शिकवताना ही तारीख टाळून पुढे जाता येईल काय? कादंबरीवर भविष्याची जबाबदारी टाकता येत नाही हे खरे. परंतु वाचन नेहमी वर्तमानात होते. पवनेचा काठ हा केवळ निष्ठा, शौर्य आणि रम्य निसर्ग यांचा प्रदेश आहे, असे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्या काठावर गोळीबार का झाला, हे कळण्याची वाट वाङ्मयातून मिळत नाही.

माळीण आणि एस.टी.ची फेरी

आहुपे ज्या खोऱ्याच्या माथ्यावर आहे, त्याच खोऱ्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजी पहाटेनंतर डोंगराचा कडा कोसळून हे गाव गाडले गेले. १५१ माणसे दगावली. ही घटना बाहेरच्या जगाला प्रथम कळली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. बसच्या चालकामुळे. गाव जागेवर नसल्याचे त्याच्या लक्षात आले.

या तपशिलाचे मोल वृत्तमूल्यापुरते नाही. आटोक्यातील गावाचे शहराशी असलेले नाते किती बारीक धाग्यावर तोललेले असते, हे त्यातून दिसते. एस.टी.ची फेरी हा तो धागा. रुग्ण, विद्यार्थी, हिरड्याची पोती, बाजारहाट, टपाल आणि पाहुणे तिनेच येतात-जातात. फेरी चुकली तर एक दिवस जातो. फेरी बंद झाली तर मुलीची शाळा सुटते. त्या सकाळी ती फेरी आली म्हणून बातमी निघाली. नंतरच्या काही दिवसांत महानगरातील वृत्तवाहिन्या, मदत पथके आणि नेते त्याच रस्त्याने आले. ‘दुर्गम’ गाव काही तासांत सुगम झाले. म्हणजे पोहोचणे अशक्य नव्हते. एरवी पोहोचण्याचे कारण नव्हते, इतकेच. दुर्घटनेनंतर उतारांवर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाची चर्चा झाली आणि त्या चर्चेत पडकईचे नावही आले. हाताने, आळीपाळीने, उताराचा अंदाज घेत घातलेला बांध आणि यंत्राने काही तासांत कापलेला उतार यांना एकच शब्द वापरला गेला. शब्द तोच राहतो आणि त्यामागचे ज्ञान निघून जाते, याचे हे उदाहरण आहे. पुढे २०१७ मध्ये आमडे येथे माळीणची नवी वसाहत उभी राहिली.

माळीणनंतर वाङ्मयात आणि वृत्तपत्रांत आलेल्या लेखनाचा मोठा भाग शोकाचा होता आणि ते स्वाभाविक होते. पण शोकात्म लेखनही गावाला एका घटनेपुरते दृश्यमान करते. शहरातील वाचकापुढे सह्याद्रीतील गाव आज दोन रूपांनी येते : सुट्टीतील भटकंतीचे रम्य स्थळ आणि आपत्तीचे स्थळ. आहुप्याची देवराई, धुके, धबधबे आणि कड्यावरून दिसणारे कोकण यांची वर्णने भटकंतीविषयक लेखनात विपुल आहेत. त्यांत कुठे मुक्काम करावा, हे असते. मुक्काम ज्याच्या घरी करायचा, तो वर्षातले किती महिने त्या घरात असतो, हे नसते. या लेखनाची दृष्टी दांडेकरांकडून आली, पण दांडेकरांची आस्था तिच्यात उतरली नाही. बुधा हा दांडेकरांना डोंगराचा जाणकार वाटत होता. नव्या भटकंती-लेखनात तो वाटाड्या झाला.

समारोप आणि निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. ‘गाव’ आणि ‘शहर’ या विरोधी जोडीत आहुप्यासारख्या गावाचे आकलन होत नाही. त्यासाठी ‘ये-जा’ ही स्वतंत्र समीक्षासंज्ञा म्हणून स्वीकारणे उपयुक्त ठरेल. कोण जाते, कोणत्या ऋतूत जाते, कोण मागे राहते आणि परतल्यावर त्याला काय मिळते, हे प्रश्न त्या संज्ञेने विचारता येतील.

२. गो. नी. दांडेकर यांच्या सह्याद्रीविषयक कादंबऱ्यांनी डोंगरातील माणसाच्या ज्ञानाला प्रतिष्ठा दिली, हे त्यांचे चिरस्थायी योगदान आहे. मात्र या कादंबऱ्यांची स्थळे महानगरांच्या आटोक्यात असूनही त्यांतील अवकाश महानगरापासून तोडलेला आहे. हे तोडणे ही वाङ्मयीन निवड आहे आणि समीक्षेने ती निवड म्हणूनच तपासली पाहिजे.

३. ‘झाडाझडती’ने सत्तेचे आणि यंत्रणेचे चित्रण करून ही उणीव अंशतः भरून काढली. तरीही विस्थापित न होता वेढला गेलेला माणूस तिच्या कक्षेबाहेर राहिला.

४. ‘ग्रामीण’ आणि ‘आदिवासी’ ही दालने अध्यापनाच्या सोयीची असली, तरी शेती व रान यांच्या सीमेवर जगणाऱ्या समाजाला ती न्याय देत नाहीत.

५. ‘दुर्गम’, ‘अस्पर्श’, ‘निसर्गरम्य’ यांसारखी विशेषणे पाहणाऱ्याचे स्थान लपवतात. वाङ्मयीन व वैचारिक लेखनात त्यांचा वापर सावधपणे व्हायला हवा.

या चर्चेचे महत्त्व केवळ समीक्षेपुरते नाही. मंचर, घोडेगाव, जुन्नर, राजगुरुनगर येथील महाविद्यालयांच्या वर्गांत पश्चिमेकडील वाड्यांतून आलेले विद्यार्थी बसतात. काही वसतिगृहांत राहतात, काही पहाटेच्या एस.टी.ने येतात. अभ्यासक्रमातील कादंबरीत त्यांना आपला डोंगर भेटतो, पण आपले वर्ष भेटत नाही. डोंगर ओळखीचा आणि त्यावरचे जगणे अनोळखी, अशी ही अवस्था आहे. अशा विद्यार्थ्यापुढे ‘माचीवरला बुधा’ केवळ निसर्गसौंदर्याचा नमुना म्हणून ठेवण्याऐवजी, बुधा शहरात कोणते काम करत असेल, त्याच्या माघारी माचीवर कोण राबत असेल, त्याच्या पाठोपाठ परतलेल्यांना माची पुरली असती काय, हे प्रश्न विचारले, तर तीच कादंबरी त्याच्यासाठी नव्याने उघडेल. उत्तरे देण्यासाठी त्याला ग्रंथालयाइतकाच स्वतःच्या घरचा अनुभव उपयोगी पडेल. आटोक्यातल्या गावाची कादंबरी लिहिली जाईल तेव्हा ती बहुधा अशाच वर्गातून उठलेल्या कोणाच्या तरी हातून लिहिली जाईल. तोपर्यंत उपलब्ध कादंबऱ्या तिच्या अभावाची जाणीव ठेवून शिकवणे, हे अध्यापकाच्या हातचे काम आहे.